पीयूसी धूर तपासते, ब्रेक कोण तपासतं? बुटाच्या टाचेपासून डब्यातल्या पॅडपर्यंतचा इतिहास

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. आपल्या गाडीची पीयूसी कधी संपते, विमा कधी भरायचा, हे पुणतांब्यातल्या कुठल्याही गाडीवाल्याला तोंडपाठ असतं. पण गाडीला सध्या कोणते ब्रेक पॅड आहेत, कधी बसवले, बिल कुठं आहे, हे किती जणांना सांगता येईल?

यात दोष आपला एकट्याचा नाही, नियमच तसे आहेत. खाजगी कारची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणीच्या वेळी गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते, तोवर तिचे ब्रेक सरकारी यंत्रणा नियमानं तपासत नाही. टॅक्सीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. पीयूसीवाला फक्त धूर बघतो. म्हणजे शिर्डी-पुणे-नाशिक करणारी घरची गाडी पंधरा वर्षांत पॅडचे तीन-चार सेट बदलते आणि त्यातल्या प्रत्येक सेटची निवड होते ती गॅरेजच्या दारात, पाच मिनिटांत. "ओरिजनल टाकू का लोकल?" "किती फरक पडतो?" "निम्मा." "टाक मग लोकल."

ह्या पाच मिनिटांच्या मागं सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आपला माल ओळखायची ताकद गिऱ्हाइकाच्या हातातून कशी गेली, हे त्यात नीट दिसतं. म्हणून ही जरा लांबलेली पोस्ट. चहा घेऊन बसा.

सपाटीचं गाव आणि घाटाची अक्कल

आपलं गाव गोदाकाठचं, सपाट. चांगदेव महाराज वाघावर बसून ज्ञानोबांच्या भेटीला निघाले आणि समोरून भिंत चालत आली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या वाघालाही ब्रेक नव्हता आणि भिंतीलाही नव्हता. थांबवायला पलीकडच्याची योग्यता लागली! पण साध्या माणसाचं काम योग्यतेवर भागत नाही. त्याला घर्षण लागतं.

सपाटीवर बैलगाडीला ब्रेकची फार गरज पडत नव्हती. कासरा ओढला की बैल थांबतात आणि बैलांबरोबर गाडी. खरी परीक्षा उताराची. भरलेली गाडी उताराला लागली की सगळा भार पुढं येतो आणि गाडीच बैलांना ढकलायला लागते. म्हणून घाटात चालणाऱ्या गाड्यांना चाकाच्या लोखंडी धावेवर दाबून बसणारा लाकडी ठोकळा असायचा. ठोकळा झिजला की सुतार दुसरा करून द्यायचा. लाकूड कोणतं, किती झिजलं, कुठं चिरलं, हे गाडीवान डोळ्यांनी बघायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

दौंड-मनमाड रेल्वे १८७८ साली सुरू झाली. पुणतांब्याचं स्टेशन याच मार्गावरचं. त्या काळच्या रेल्वेतही कल्पना तीच होती: चाकावर ठोकळा दाबायचा. आधी लाकडाचा, मग बिडाचा. इंजिन ड्रायव्हरनं शिट्टी दिली की गार्डनं आपल्या डब्यातला हातब्रेक फिरवायचा. गार्डच्या डब्याला आजही 'ब्रेक व्हॅन' म्हणतात, ते यामुळंच. बोरघाटाची लाइन १८६३ साली आणि कसारा म्हणजे थळघाटाची १८६५ साली सुरू झाली, तेव्हा इंजिनिअरांना चढापेक्षा उताराची धास्ती जास्त होती. थळघाटात चढ ३७ ला १, म्हणजे दर ३७ फुटांना एक फूट. ब्रेक निकामी झालेली गाडी मुख्य रुळावरून बाजूला काढून चढाच्या रुळावर सोडायची, म्हणजे ती आपोआप थांबेल, अशी खास सायडिंगं घाटात बांधली होती. ब्रेक कधीतरी दगा देणार हे गृहीत धरून केलेली ती सोय होती.

चांभारानं वाचवलेली मोटार

आता मोटारीकडं येऊ. ऑगस्ट १८८८. जर्मनीत कार्ल बेंझची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानं बनवलेली तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत घेऊन गेली. साधारण शंभर किलोमीटर. मोटारीनं एवढा लांब प्रवास जगात पहिल्यांदाच होत होता. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गुळगुळीत झाले. बाईंनी काय करावं? वाटेतल्या गावात चांभार गाठला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या ब्रेकचं पहिलं लायनर ते हेच. आज आपला मिस्त्री ज्याला 'लायनर' म्हणतो, त्याचा मूळपुरुष एक चांभार आहे.

नऊ वर्षांनी, १८९७ साली, इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं पाहिली. डोंगराळ भाग. घोडागाड्या उतरताना गाडीवान लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं लावायचे, म्हणजे पकड चांगली बसायची. फ्रूडनं विचार केला, बुटापेक्षा टिकाऊ काही करता येईल का? डांबरासारख्या चिकट पदार्थात केस आणि सुती कापड मुरवून त्यानं ब्रेकचे ठोकळे केले. स्वतःच्या नावाच्या अक्षरांत बायकोच्या, म्हणजे एलिझाबेथच्या, नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर मिसळून कंपनीचं नाव ठेवलं 'फेरोडो'. लंडनच्या घोड्यांच्या बसगाड्यांना त्याचे ठोकळे बसू लागले.

कापूस आणि चामडं गरम झालं की जळतं. घोड्याच्या गाडीला ते चाललं, पण मोटारीचा वेग वाढला तशी उष्णता वाढली. म्हणून फ्रूडनं १९०८ च्या सुमारास ॲस्बेस्टॉसचे धागे वापरायला सुरुवात केली. न जळणारा, स्वस्त, विणता येणारा दगड! पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या ॲस्बेस्टॉसवर थांबल्या.

ॲस्बेस्टॉसचा हिशोब कुणी चुकता केला?

तीच फेरोडो स्वातंत्र्यानंतर मुंबईत आली. घाटकोपरला 'हिंदुस्तान फेरोडो' नावानं कारखाना निघाला. पुढं नाव बदलून 'हिंदुस्तान कॉम्पोझिट्स' झालं आणि आज तिचे कारखाने पैठण आणि भंडाऱ्याला आहेत. पैठण म्हणजे आपल्याच गोदामाईच्या काठावर, आपल्या खाली. डर्बीशायरच्या बुटाच्या टाचेपासून निघालेली ही वाट अशी गोदाकाठी येऊन पोचली.

१ जून १९४८ ला राज्य परिवहनची पहिली बस नगर-पुणे धावली, हे आपल्या जिल्ह्याला अभिमानानं माहीत आहे. (१ जून आपल्याला आणखी एका कारणानं माहीत आहे. २०१७ सालचा शेतकरी संप पुणतांब्यातून त्याच तारखेला सुरू झाला.) त्या काळापासून ट्रक, बस, फियाट, अँबेसिडर, सगळ्यांना ड्रम ब्रेक. ड्रमच्या आत लोखंडी शू आणि शूवर रिव्हेट मारून बसवलेलं लायनर. लायनर रिव्हेटपर्यंत झिजलं की मिस्त्री ड्रम खोलायचा, आतली काळी धूळ तोंडानं नाहीतर हवेच्या पाइपानं फुंकून उडवायचा आणि नवीन लायनर ठोकायचा. ती धूळ ॲस्बेस्टॉसची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्बेस्टॉसला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात. तोवर मिस्त्री म्हातारा झालेला असतो आणि खोकला 'वयामुळं' आहे असं घरचे म्हणत असतात.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला: कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यात जे नंतर येईल तोवर, त्याच्या तब्येतीची नोंद कारखान्यानं ठेवावी. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी झाली होती. त्यातल्या ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला, म्हणजे जवळपास चारातला एक. ब्रिटननं १९९९ साली आणि अख्ख्या युरोपीय संघानं २००५ पर्यंत ॲस्बेस्टॉस बंद केलं. भारतात सरसकट बंदी आजही नाही.

आता सुरुवातीची गोष्ट आठवा. लाकूड गाडीवानाला डोळ्यांनी ओळखता येत होतं. चामडं चांभाराला बोटांनी कळत होतं. ॲस्बेस्टॉसच्या लायनरमध्ये काय आहे, हे ना मिस्त्रीला कळत होतं ना गिऱ्हाइकाला. माल चांगला थांबवत होता, म्हणून कुणी विचारलंही नाही. किंमत मोजली ती बनवणाऱ्यानं आणि बसवणाऱ्यानं.

डिस्क आली, पॅड आले

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या लँचेस्टरनं १९०२ साली पेटंट घेतलं. पण त्याचे पॅड तांब्याचे, त्यामुळं असा काही कर्कश आवाज यायचा की कल्पना मागं पडली. १९५३ च्या 'ल मां' शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जग्वार जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोन डीएसनं डिस्क घरगुती गाडीत आणली. आपल्याकडं डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्यानंतरच्या दशकांत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागं ड्रम, ही कारची सर्वसाधारण रचना होऊन बसली.

डिस्कमध्ये फिरत्या लोखंडी तबकडीला दोन बाजूंनी दोन पॅड चिमटा घेतात. पॅड म्हणजे एक पोलादी पत्रा आणि त्यावर चिकटवलेला घर्षणाचा मसाला. जागा तळहाताएवढी, पण ताण किती बघा. हजार किलोची गाडी ताशी ६० वर असताना पूर्ण थांबवली तर जी उष्णता तयार होते, तिच्यात अर्धा लिटरही पाणी उकळत नाही. तीच गाडी ताशी १२० वर असेल तर वेग दुप्पट, पण उष्णता चौपट. पावणेदोन लिटर गार पाण्याला उकळी येईल. एका ब्रेकमध्ये, काही सेकंदांत.

हा ताशी १२० आकडा उगाच घेतलेला नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि कारची वेगमर्यादा तिथं १२० आहे. ज्या गाडीला पूर्वी कोपरगाव-श्रीरामपूर रस्त्यावर साठच्या वर जाता येत नव्हतं, तीच गाडी आता घरापासून अर्ध्या तासात १२० ला लागते. गाडी तीच, पॅड तेच, उष्णता चौपट. कसारा घाटाचंही तसंच. तीनशे मीटर उतरताना गिअर न्यूट्रल ठेवून फक्त ब्रेकवर उतरलात, तर नऊ लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये जाते. हलका मसाला तापला की पकड सोडतो. पाय पेडलवर पूर्ण दाबलेला आणि गाडी मात्र पुढं सरकतेय, असं होतं. म्हणून घाटात खालचा गिअर हवाच, पॅड कितीही भारी असले तरी.

मग निवडायचं कसं?

आज बाजारात ढोबळमानानं तीन जातींचे पॅड मिळतात.

ऑरगॅनिक: मऊ, आवाज कमी, डिस्क कमी खातात, स्वस्त. गावात आणि तालुक्यापर्यंत फिरणाऱ्या गाडीला पुरे. फार तापले की पकड कमी होते आणि लवकर झिजतात.

सेमी-मेटॅलिक: मसाल्यात लोखंडाचा भरपूर अंश. उष्णता सोसतात, म्हणून घाट, लोड आणि हायवे यांना बरे. आवाज जास्त, काळी धूळ जास्त, डिस्कही जरा जास्त खातात.

सिरॅमिक: धूळ कमी, आवाज कमी, टिकतात, पण महाग. घरच्या गाडीला चालतात. बोजा घेऊन रोज घाट करणाऱ्यानं फक्त 'सिरॅमिक' हे नाव बघून भुलू नये.

पण जातीच्या आधी एक नियम: गाडी बनवणाऱ्यानं जो पार्ट नंबर दिलाय, तो किंवा त्याला पर्याय म्हणून नामांकित ब्रेक कंपनीनं छापलेला नंबर. गाडीची चाचणी कंपनी त्याच पॅडवर करते. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय हे काम करते आणि आपल्या नगरला व्हीआरडीई आहे. देशात नव्या गाड्यांना मंजुरी देणाऱ्या अधिकृत चाचणी संस्थांत या दोन्ही येतात. म्हणजे नव्या गाडीचे ब्रेक नगरमध्ये तपासले जाऊ शकतात, पण त्याच गाडीला नगर जिल्ह्यात बसवलेला तिसरा पॅड सेट कुणीच तपासत नाही. विचित्र आहे ना?

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात: ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर साध्या तापमानातली पकड, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर समजायचं की तापल्यावर पकड ढिली होणार. ही अक्षरं मसाल्याच्या छोट्या तुकड्याच्या चाचणीवरून दिलेली असतात, म्हणून त्यांनी सगळं कळत नाही. पण अक्षरंच नाहीत, कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, अशा पॅडपेक्षा कधीही बरं.

युरोपात बदली पॅडसाठी वेगळा नियम आहे, आर-९०. पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असली पाहिजे आणि डबा सीलबंद असला पाहिजे, म्हणजे मधे कुणी माल बदलला तर कळेल. आपल्याकडं ब्रेक लायनिंगसाठी आयएस २७४२ हे भारतीय मानक आहे. पण दुकानाच्या काउंटरवर हा आकडा उच्चारणारं गिऱ्हाईक तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

गिऱ्हाइकानं काय करायचं

डबा हातात घ्या. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा नंबर छापलेला आहे का बघा. पॅकबंद मालावर हे छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. अक्षरं पुसट, स्पेलिंग चुकलेलं, सील उघडलेलं असेल तर डबा परत द्या.

पॅड हातात घेतल्यावर मसाला पत्र्याला सगळीकडून नीट चिकटलाय का बघा. कडेला फट दिसली, चीर दिसली, तर नको. तापल्यावर मसाला पत्र्यापासून सुटला की लोखंडावर लोखंड घासतं आणि मग डिस्कही जाते.

दोन्ही बाजूंचे पॅड एकदम बदला. एकाच चाकाचे बदलले तर गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. मसाला तीन मिलिमीटरच्या आसपास आला की वेळ झाली. बऱ्याच पॅडना बारीक पत्ती असते, ती डिस्कला लागून चिरका आवाज करते. तो आवाज गाडीनं दिलेली नोटीस आहे, रेडिओ मोठा करून ती मिटत नाही. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मिस्त्रीला मोजायला सांगा. नवे पॅड बसल्यावर पहिले दीड-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळा, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात.

आणि दोन गोष्टी मागायला लाजू नका: बिल, ज्यावर कंपनी आणि पार्ट नंबर लिहिलेला आहे, आणि जुने पॅड. जुने पॅड हातात आले की खरंच बदललेत का आणि किती झिजले होते, दोन्ही कळतं. २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादक आणि विक्रेता यांची जबाबदारी धरलेली आहे. पण ती धरायला हातात कागद लागतो.

मिस्त्री मित्रांना एक विनंती. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, हवेचा पाइप लावू नका. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क लावा. जुन्या गाडीच्या लायनरमध्ये काय आहे हे बाहेरून कळत नाही.

शेवटचं

आपल्या गावानं २०१७ साली सगळ्या राज्याला दाखवलं की शेतकऱ्यानं आपल्या मालाचा हिशोब मागितला की सरकारला ऐकावं लागतं. शेतकरी विकताना जो हिशोब मागतो, तो गिऱ्हाईक म्हणून विकत घेतानाही मागायला काय हरकत आहे? बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल आपण वाचतो, लॉट नंबर बघतो, पावती जपून ठेवतो, कारण बोगस बियाण्यानं एक हंगाम जातो. बोगस पॅडनं काय जातं, हे वेगळं सांगायला नको.

मागणी दोनच आहेत. बदली ब्रेक पॅडसाठी आर-९० सारखा सक्तीचा आणि दुकानापर्यंत पोचणारा नियम. आणि खाजगी गाडीसाठी पंधरा वर्षांच्या आत एकदा तरी ब्रेकची तपासणी, पीयूसीसारखी तालुक्याच्या ठिकाणी, परवडेल अशा दरात. तोवर गाडीवानाचे डोळे आणि चांभाराची बोटं यांची जागा आपल्याला डब्यावरची अक्षरं वाचूनच भरायची आहे.

तुमच्या गाडीला कोणते पॅड आहेत? आज गाडीच्या फाइलीत बिल शोधा आणि कमेंटमध्ये फक्त एवढंच लिहा: बिल सापडलं की नाही. कंपनीचं किंवा दुकानाचं नाव नको, भांडण नको. किती जणांकडं कागद आहे, एवढा हिशोब गावाला कळू द्या.